चिंच कुठे आणि सोडा कुठे: घरातल्याच वस्तूंनी डाग काढण्याची रीत

नळावर पांढरा थर बसला की आपण लिंबू चोळतो आणि तो निघतो. मग गॅसमागच्या टाइलवरच्या मेणचट थरालाही लिंबू लावून पाहतो, पण तिथे तासभर घासूनही काही हलत नाही. नावं लिंबाला ठेवली जातात. खरं तर डाग कशाचा आहे हे न बघता हाताला लागेल ती वस्तू उचलली, एवढंच चुकलेलं असतं.

घरात सफाईला उपयोगी पडणाऱ्या वस्तूंचे ढोबळ गट लक्षात ठेवले की निम्मं काम सोपं होतं.

आंबट वस्तू म्हणजे लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर, लिंबूसत्त्व. यांच्यात आम्ल असतं. पाण्याचे क्षार, लोखंडाचा गंज, तांब्या-पितळेवरचा काळपटपणा हे डाग आम्लात विरघळतात.

सोडा, साबण आणि चुलीची राख हा दुसरा गट. तेल, तूप, करपलेलं अन्न, चहाचा थर यांवर यांचा इलाज चालतो. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. पूर्वी नारळाची शेंडी आणि राख घेऊन तुपाची भांडी घासायचे, ती लख्ख निघायची ती त्यामुळेच. राखेचे बारीक कण घासतात आणि तिच्यातला क्षार ओशटपणा तोडतो.

मीठ हे मुख्यतः घासायला, आणि हळदीसारख्या रंगाच्या डागांना ऊन.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की भरपूर फेस येतो आणि काहीतरी जोरदार चाललंय असं वाटतं. प्रत्यक्षात सोडा आम्लाला मारतो आणि आम्ल सोड्याला. फेस ओसरल्यावर उरतं ते बहुतेक पाणी आणि थोडं सोडियम अ‍ॅसिटेट, ज्याने ना क्षार निघतात ना तेल. अडचणीच्या फटीतली सुटी घाण वर यायला त्या फेसाचा थोडा उपयोग होतो, बाकी दोन्ही वस्तू वाया जातात. दोन्ही लागणारच असतील तर आधी सोड्याने तेल काढा, पाण्याने धुवा आणि मग आंबट वस्तू लावा.

काय आणून ठेवायचं

खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, पांढरं व्हिनेगर, पाव किलो लिंबूसत्त्व (म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, ढोकळ्यात घालतो ते), जाडं मीठ, भांडी घासायचा द्रव साबण. दोन जुने टूथब्रश, जुन्या बनियनची फडकी, रबरी हातमोजे आणि एक फवारणीची बाटली.

दोन्ही सोड्यांची गल्लत करू नका. खाण्याचा सोडा सौम्य असतो, उघड्या हाताने वापरता येतो. धुण्याचा सोडा बराच तीव्र असतो. तो त्वचा कोरडी पाडतो, डोळ्यात गेला तर इजा करतो आणि अ‍ॅल्युमिनियम काळं करतो. डब्यावर ठळक नाव लिहा आणि स्वयंपाकाच्या डब्यांपासून दूर ठेवा. कुठलंही द्रावण पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका. घरात लहान मूल असेल तर अजिबातच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ब्लीच, म्हणजे कपडे पांढरे करायचं किंवा फरशी पुसायचं क्लोरीनवालं द्रावण, कुठल्याही आंबट वस्तूत मिसळू नका. व्हिनेगर, लिंबूसत्त्व, संडास साफ करायचं अ‍ॅसिड यांपैकी काहीही त्यात पडलं तरी क्लोरीन वायू सुटतो. लहानशा बंद न्हाणीघरात तो फुप्फुसांना घातक ठरतो. आज ब्लीच वापरलं असेल तर भरपूर पाण्याने धुऊन काढा आणि आंबट वस्तू दुसऱ्या दिवशी वापरा.

आधी फरशी ओळखा

आंबट वस्तूंनी होणारं सर्वांत मोठं नुकसान फरशीचं असतं आणि ते परत भरून येत नाही. शहाबादी, कोटा, कडप्पा आणि संगमरवर हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड आहेत. नळावरचा क्षाराचा थर आणि हे दगड मुळात एकाच पदार्थाचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे. जे आम्ल थर खातं ते दगडही खातं. जुन्या घरांत कडप्प्याचा ओटा असतो, त्यावर लिंबाची फोड विसरली की दुसऱ्या दिवशी तिथे राखाडी, खरखरीत वर्तुळ दिसतं. तो डाग नसतो, दगडाची झिलई तिथे गेलेली असते. मोझॅकच्या फरशीतही संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट असल्यामुळे तिलाही हाच नियम.

शंका असेल तर कपाटामागे किंवा कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका आणि नीट बघा. बारीक बुडबुडे आले तर तो दगड आंबटाचा नाही, लगेच पुसून पाण्याने धुवा. अशा फरशीला कोमट पाणी आणि बादलीभर पाण्यात चमचाभर द्रव साबण पुरेसा आहे. चिनी मातीच्या चकचकीत टाइलवर आम्लाचा परिणाम होत नाही, पण टाइलच्या मधल्या सिमेंटच्या फटींवर होतो. त्याचं पुढे येतं.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग

बोअर किंवा टँकरचं पाणी असलेल्या घरात हे काम सतत मागे लागलेलं असतं. पाणी सुकलं की त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात, थरावर थर चढतात. घासून हा थर निघत नाही, नळाची चकाकी मात्र निघते. त्याला विरघळवायचं आणि त्यासाठी वेळ द्यायचा.

मूळ द्रावण असं करा: १ लिटर कोमट पाण्यात २ मोठे चमचे लिंबूसत्त्व, म्हणजे साधारण २५ ते ३० ग्रॅम. हे व्हिनेगरपेक्षा स्वस्त पडतं आणि त्याला वास नसतो.

नळासाठी:

१. नळ आधी साबणाने धुवा. साबणाचा किंवा तेलाचा ओशट थर वर असेल तर आंबट पाणी खालच्या क्षारापर्यंत पोचतच नाही.
२. फडकं द्रावणात बुडवून नळाभोवती घट्ट गुंडाळा, त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून रबर लावा. पिशवी नसेल तर फडकं सुकतं आणि काम अर्धवट राहतं.
३. २० ते ३० मिनिटं ठेवा. रात्रभर नको, त्याने क्रोमचा मुलामा उतरू शकतो.
४. काढून टूथब्रशने हलकं घासा, भरपूर पाण्याने धुवा आणि कोरडं पुसा.
५. थर जाड असेल तर एकदा जास्त वेळ ठेवण्यापेक्षा हेच दोन-तीनदा करा.

शॉवरची धार वाकडी-तिकडी येत असेल तर भोकांत क्षार अडकलेले असतात. द्रावण पिशवीत भरा, शॉवरचं तोंड त्यात बुडेल अशी पिशवी बांधा, अर्ध्या तासाने पिशवी काढा आणि टाचणीने भोकं मोकळी करून पाणी जोरात सोडा. नळाच्या तोंडाची जाळीही फिरवून काढता येते. ती वाटीभर द्रावणात टाकून ठेवा, तिच्यात वाळूचे कणही सापडतील.

प्लास्टिकच्या बादल्या आणि मग यांवर तारेची घासणी कधीच चालवू नका. तिने ओरखडे पडतात आणि पुढचा थर त्या ओरखड्यांत अधिक घट्ट बसतो. बादलीत तांब्याभर द्रावण घेऊन फडक्याने आतून-बाहेरून लावा, १५ मिनिटांनी नायलॉनच्या घासणीने घासा.

टाइलच्या फटींना द्रावण लावण्यापूर्वी त्या साध्या पाण्याने भिजवून घ्या. सिमेंट पाणी पिऊन बसलं की आंबट पाणी आत कमी मुरतं आणि वरच्या थरावरच काम करतं. ५ ते १० मिनिटांत धुऊन टाका. फटी पांढऱ्या नसून काळ्या असतील तर ती बुरशी किंवा साबणाचा मळ. मळाला खाण्याच्या सोड्याचा दाट लगदा आणि ब्रश, बुरशीचं खाली बघा.

विजेच्या किटलीत तळाशी पांढरे पापुद्रे दिसतात. अर्धी किटली पाणी आणि १ मोठा चमचा लिंबूसत्त्व उकळा, बंद करून २० मिनिटं ठेवा, ओता आणि साधं पाणी दोनदा उकळून फेकून द्या. गिझर उघडायचं काम मात्र मेकॅनिकवर सोडा.

रोज अंघोळीनंतर नळ आणि काचेचं दार कोरड्या फडक्याने पुसलं तर हा सगळा खटाटोप महिन्यातून एकदा करावा लागतो. पाणी सुकू दिलं नाही तर क्षार मागे राहायला जागाच उरत नाही.

तांबं-पितळ

लिंबाएवढी चिंच अर्धी वाटी गरम पाण्यात १५ मिनिटं भिजवून दाट कोळ काढा, त्यात १ चहाचा चमचा मीठ घाला. कोकणात याच कामाला आमसुलं किंवा आगळ वापरतात, आणि आगळात मीठ आधीच असतं म्हणून वेगळं घालावं लागत नाही. मीठ इथे केवळ घासत नाही, आम्लाबरोबर काळपट थर लवकर सुटायला मदत करतं.

कोळ लावा, दोन मिनिटं थांबा, हाताने किंवा काथ्याने चोळा आणि लगेच धुवा. इथे घाई हवी. पितळेवर आंबट जास्त वेळ राहिलं तर त्यातलं जस्त निघून जातं आणि गुलाबी डाग उरतात. समईवर, घंगाळावर असे डाग दिसले तर कारण बहुतेक हेच असतं. धुतल्यावर लगेच कोरडं पुसा, उन्हात दहा मिनिटं ठेवा. ओलं ठेवलेलं तांबं संध्याकाळपर्यंत पुन्हा काळवंडतं.

कल्हई केलेल्या भांड्याला हा प्रयोग फक्त बाहेरून. आतून साबण आणि मऊ फडकं. कल्हई उतरलेल्या पितळेत आंबट अन्न कळकतं, तेव्हा कल्हईच करून घ्यायची. दुकानातून आणलेल्या शोभेच्या पितळी वस्तूंवर पुष्कळदा पारदर्शक लाखेचा थर असतो. त्यांना नुसतं ओलं फडकं लावा.

लागलेलं दूध, काळा कुकर

पातेल्याला दूध लागलं की खरवडू नका. करपलेला भाग बुडेल एवढं पाणी आणि २ मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून मंद आचेवर १० मिनिटं उकळा. गॅस बंद करून गार होऊ द्या, मग लाकडी उलथन्याने कड सुटते. खीर किंवा पाक लागला असेल तर सोड्याचीही गरज नाही, साखर गरम पाण्यातच विरघळते, तासभर भिजत ठेवा. स्टीलवर निळसर-इंद्रधनुषी छटा किंवा पांढरे ठिपके आले तर चमचाभर व्हिनेगर फिरवून धुवा. स्टीलच्या भांड्यात मिठाचं पाणी रात्रभर ठेवू नका, बारीक खड्डे पडतात.

वरची सोड्याची कृती अ‍ॅल्युमिनियमच्या कुकरला लागू नाही. त्याचं काळेपण उलट वाढेल. कुकरच्या तळात काळं वर्तुळ येतं ते डबे ठेवून नुसतं पाणी उकळल्यामुळे. त्यावर उपाय आंबटाचा: काळा भाग बुडेल एवढं पाणी, त्यात पिळलेल्या ४-५ लिंबांच्या साली किंवा १ मोठा चमचा लिंबूसत्त्व, झाकण न लावता १५ मिनिटं उकळा. पुढे दर वेळी कुकरच्या पाण्यात लिंबाची एक साल किंवा चिंचेचं बुटुक टाकलं तर तो काळा पडतच नाही.

तेलाची चिकटी

फोडणीची वाफ ट्रॉलीवर, पंख्यावर, डब्यांच्या झाकणांवर बसते. ताजी असते तोवर ती साबणाने जाते. महिनोन्‌महिने राहिली की हवेने आणि उष्णतेने तेल घट्ट होऊन जवळजवळ वार्निशसारखं होतं, त्यावर धूळ बसते. म्हणून जुन्या चिकटीला एकाच फटक्यात काढायला जाऊ नका, आधी मऊ करा.

लाकडी किंवा रंगवलेल्या कपाटावर सोडा चालवला तर रंग उतरू शकतो. तिथे फडक्यावर थोडं खाण्याचं तेल घेऊन चिकट भागावर चोळा आणि १० मिनिटं तसंच राहू द्या. नवं तेल जुन्याला सैल करतं. मग द्रव साबणाच्या कोमट पाण्याने पुसा आणि लगेच कोरडं करा.

एक्झॉस्ट फॅनच्या लोखंडी किंवा स्टीलच्या पात्यांसाठी:

१. बटण बंद करून प्लग काढा. प्लग नसेल तर त्या खोलीचा एमसीबी खाली करा. मोटर भिजवायची नाही.
२. पाती निघत असतील तर काढून जुन्या वर्तमानपत्रावर ठेवा, वरचा लगदा जुन्या कार्डाने खरवडून कागदातच गुंडाळा. तो मोरीत धुतला तर पाइप तुंबतो.
३. टबात १ लिटर कडक पाणी, २ मोठे चमचे धुण्याचा सोडा, १ चहाचा चमचा द्रव साबण. हातमोजे घालून पाती बुडवा.
४. २० ते ३० मिनिटांनी पाणी तपकिरी होतं. ब्रशने घासा, धुवा, पूर्ण सुकवा. ओलसर पाती चढवली तर त्याच दिवशी धूळ चिकटते.

चिमणीच्या फिल्टरबाबत एक खबरदारी. जाड, खोबणींचा फिल्टर बहुधा स्टीलचा असतो, त्याला हेच पाणी चालतं. वजनाला हलका, बारीक जाळीचा फिल्टर बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा असतो. तो धुण्याच्या सोड्यात टाकला तर काळाकुट्ट आणि ठिसूळ होतो. त्याला फक्त कडक पाणी आणि साबण. पाती प्लास्टिकची असतील तर पाणी हाताला सोसेल इतपतच गरम घ्या.

गॅसची ज्योत पिवळी झाली, पातेल्यांचे बूड काळे होऊ लागले, तर बर्नरच्या भोकांत खरकटं बसलेलं असतं. रेग्युलेटर बंद करा, बर्नर गार झाल्यावर काढा. पितळी बर्नर गरम पाण्यात पाव कप व्हिनेगर घालून २० मिनिटं ठेवा, एकेक भोक सुईने मोकळं करा. काडेपेटीची काडी वापरू नका, ती आत मोडते. उलटा आपटून पाणी काढा आणि उन्हात पूर्ण वाळवूनच बसवा. आत पाणी राहिलं तर ज्योत फडफडते.

हळद, चहा आणि मिक्सर

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो आणि धुणारं माणूस घाबरतं. हळदीतला रंग क्षारात लाल होतो, एवढंच ते आहे. कपडा नेहमीसारखा धुवा आणि ओलाच कडक उन्हात डाग वर येईल असा वाळत घाला. हा रंग उजेडात टिकत नाही. एका उन्हात फिका होतो, दोन-तीन उन्हांत जातो. पिवळे पडलेले प्लास्टिकचे डबेही तेल पूर्ण धुऊन असेच उन्हात ठेवा.

कपातला चहाचा थर ओल्या बोटावर खाण्याचा सोडा घेऊन चोळला की मिनिटात जातो. मिक्सरच्या भांड्यात पात्याखाली चटणी अडकते. अर्धं भांडं कोमट पाणी, एक थेंब साबण, झाकण लावून अर्धा मिनिट फिरवा. भांडं बुडासकट पाण्यात भिजवून ठेवलं तर खालच्या बेअरिंगला गंज लागतो.

पावसाळ्यातली बुरशी

जुलै-ऑगस्टमध्ये कपाटाच्या मागच्या बाजूला, चामड्याच्या चपलांवर, न्हाणीघराच्या कोपऱ्यांत बुरशी धरते. कोरडी झटकू नका, तिची भुकटी घरभर उडते आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो. नाकाला रुमाल बांधा, खिडकी उघडा. टाइलवर किंवा भिंतीच्या ऑइलपेंटवर पाणी न घालता पांढरं व्हिनेगर फवारा, तासभर ठेवा, ओल्या फडक्याने पुसा आणि पंख्याने जागा सुकवा. चुना दिलेल्या भिंतीला व्हिनेगर लावू नका, चुना विरघळतो. लाकडाला भिजवायचं नाही, व्हिनेगरमध्ये पिळलेलं फडकं फिरवून लगेच कोरडं करा.

कपाटात वाटीभर जाडं मीठ ठेवलं तर ते दमट हवेतलं पाणी ओढतं. वाटीत पाणी दिसलं की मीठ बदला, नाहीतर तेच सांडून कपडे भिजतात. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. बुरशी पुन्हापुन्हा एकाच जागी येत असेल तर भिंतीत गळती आहे. तिथे पुसण्यापेक्षा प्लंबर आधी.

मोरी आणि सिंक

सिंकमधून पाणी हळू जातं तेव्हा पाइपमध्ये तेलाचा थर असतो. १ लिटर गरम पाण्यात २ मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवून हळूहळू ओता, १५ मिनिटांनी आणखी गरम पाणी सोडा. उकळतं पाणी मात्र नको, पीव्हीसीचा पाइप त्याने मऊ पडतो आणि सांधे ढिले होतात. सोड्याची भुकटी कोरडीच टाकली तर ती पाइपात दगडासारखी घट्ट बसते, म्हणून आधी विरघळवणं गरजेचं.

न्हाणीघराची मोरी तुंबते ती केसांमुळे. केस ना सोड्यात विरघळतात ना व्हिनेगरमध्ये. जाळी काढा, जुन्या हँगरची तार सरळ करून टोकाला छोटा आकडा वळवा, आत घालून फिरवा आणि गुंता बाहेर ओढा. मग साबणाचं गरम पाणी. जाळी परत बसवण्यापूर्वी तिच्याखालचा साबणाचा लगदाही ब्रशने काढा, कुबट वास पुष्कळदा तिथूनच येत असतो.